गरम आहे, एवढंच

दाराच्या चौकटीवर यरकोच्या पेन्सिलखुणा
दोन वर्षांत जेमतेम चार बोटं चढल्या.
धाकट्याच्या खुणा त्यांना ओलांडून वर गेल्या,
त्याला मिसरूड फुटलं, आवाज फाटला.
आणि यरको, सोळा संपत आलेला,
अजून चर्चच्या गायनात पहिल्या रांगेत, लहानग्यांबरोबर.
गायनाच्या बाई खूश. म्हणतात, असा गळा टिकत नाही कुणाचा.
मी मान डोलावते.
घरी येऊन चुलीत लाकडं जरा जास्तच सारते.

आचाओच्या दवाखान्यातला डॉक्टर स्वतःच पोरगेलासा.
"काहींचं उशिरा होतं. वडिलांचं कसं होतं?"
नोल्बेर्तो माझ्याकडे न बघता म्हणाला,
"मी पहिली दाढी केली ती विसाव्या वर्षी."
माझ्याकडे त्याचा सतराव्या वर्षीचा फोटो आहे,
होडीत उभा, गालभर काळंभोर.
त्या रात्री तो फोटो मी पिठाच्या डब्याखाली सरकवला.
रागावणार तरी कशी?

मग ओतिलियाबाईंचा खाजऱ्या पाल्याचा काढा, एकवीस दिवस.
मग रक्त.
मग परत रक्त, कारण वादळात फेरी बंद होती
आणि पहिली नळी बेटावरच राहिली.
कागदावर आकडे आले, पुढे खाली वळलेले बाण.
बाण कशाचे, विचारलं.
"ते मोठ्या डॉक्टर सांगतील. पुएर्तो मोंतला."
तारीख मिळाली आठ महिन्यांनंतरची.
आठ महिने पोहण्याच्या तासाला त्याचं पोट दुखलं
आणि प्रत्येक चिठ्ठीखाली सही माझी.

डॉक्टर बार्रिआ कागद वाचत राहिल्या,
आमच्याकडे कमी, त्याच्या हातांकडे जास्त बघत.
मग उठून बाहेरच्या टेबलावरून
नर्सची कॉफी घेऊन आल्या. झाकण काढलं.
"डोळे मीट. काय आहे सांग."
यरकोनं कप नाकाशी धरला.
खूप वेळ. परीक्षेला बसल्यासारखा.
"गरम आहे."
"आणखी?"
"गरम आहे, एवढंच."

मी बावीस वर्षं शिंपल्यांच्या माळा धुरावर वाळवते.
माझ्या केसांना, पासबुकाला, नोटांना धुराचा वास.
बसमध्ये माणसं न बोलता खिडकी उघडतात.
त्याच धुरात हे पोर रांगलं
आणि मला पत्ता नाही.
दूध करपून भांड्याचा कोळसा झाला त्या दिवशी
तो चुलीशेजारीच गणितं सोडवत होता.
लक्ष कुठे असतं तुझं, म्हणत
मी पाठीत धपाटा घातला होता.
लक्ष तर गणितात होतं.
उत्तरं सगळी बरोबर होती.

"पोटात असताना," बार्रिआबाई म्हणाल्या,
"नाकाची आणि वाढीची वाट कधीकधी एकच असते.
असू शकतं. नसूही शकतं.
डोक्याचा फोटो काढू, मग बोलू."
माझ्या पोटात असताना, म्हणजे.
त्या हिवाळ्यात मी काय खाल्लं, काय उचललं,
जिना उतरेपर्यंत मी आठवत होते.
त्यांनी खालपर्यंत येऊन सांगितलं, "तुम्ही काही केलेलं नाही."
मी हो म्हणाले. लोक म्हणतात तसं.

फेरीवर वारा. आम्ही आत बसलो नाही.
चाकाओचा किनारा जवळ येईना, येईना,
मध्येच तो त्या कोवळ्या आवाजात म्हणाला,
"मला वाटायचं, वास येतो असं नुसतं म्हणतात.
मन भरून येतं म्हणतात ना, तसं."
मी गप्प.
"आपल्या घराला कसला येतो?"
धुराचा, म्हणणार होते. पण मग धूर कसा, ते आलं.
लोकरीचा, म्हणणार होते. ओल्या लाकडाचा. तुझ्या वडिलांच्या बुटांचा.
एकेक शब्द तोंडापर्यंत येई आणि रिकामा परत जाई.
शेवटी त्याचा हात धरला,
माझ्या जाड्याभरड्या शालीवर दाबून फिरवला.
"असा."
त्यानं पुन्हा एकदा स्वतःहून फिरवून पाहिला.
"टोचतंय की."
"हो," मी म्हणाले. "थोडा टोचतोच."