खोली आहे, पण

तुमचं पत्र पोचलं. खोली आहे.
तंबाखूच्या जुन्या वखारीवर, पूर्वेला खिडकी,
लोकरीची दोन पांघरुणं. पानांचा वास अजून गेलेला नाही,
आता जाणारही नाही.

बस मंगळवारी येते आणि शुक्रवारी.
शुक्रवारची घेऊ नका. जुम्मा चुकू नये म्हणून
शाबान वळणावर गाडी अशी रेटतो
की अंड्यांच्या टोपल्या पोटाशी धरून
बायका आयत पुटपुटतात.
पुलापाशी उतरा. अर्धा पूल गेल्या साली वाहून गेला,
उरलेल्या अर्ध्यावरून माणसं जातात.
तुम्हीही जाल.

चढावर पहिला झरा लागेल, दगडी तोटीचा.
हायरिदिनच्या बायकोने त्याच्या नावाने बांधून घेतलाय.
जर्मनीत एका इमारतीच्या परातीवरून पडला तो.
तहान नसली तरी ओंजळभर प्या.
प्यायलेलं त्याला पोचतं, असं आम्ही मानतो.

कुत्र्याचं नाव जनरल. त्याच्या डोळ्यांत बघू नका.
जोडे दाराबाहेर. मोज्याला भोक असलं तर असू द्या.
बाटली आणू नका. आणलीतच तर यूमेरला दिसू देऊ नका,
एकटा संपवील, आणि रात्रभर मेंढ्यांना भाषणं देईल.

जानेवारीत लग्नं असतात, तेव्हा फोटोवाले येतात.
नवरीचा चेहरा पांढरा रंगवतात, वर टिकल्या लावतात,
आणि इमाम दुआ म्हणेपर्यंत ती डोळे उघडत नाही.
एकजण तिला म्हणाला, जरा इकडे बघ.
बघत नाही, हीच तर गोष्ट आहे.
पण यंदा लग्नच नाही. मुली स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडताहेत,
मुलगे कुठे कुठे.
शाळेत चार पोरं आणि एक नकाशा.

इतकं मी कुणालाही लिहिते.
आता तुमच्या पत्राची मागची बाजू.

वडील त्या हिवाळ्यात इथे होते म्हणता.
शिपाई नव्हे, कारकून. शाळेत टेबल मांडून.
त्यांच्या कपाटात वही सापडली,
डावीकडे आमची नावं, उजवीकडे दिलेली.

मी सात वर्षांची होते. रांगेत उभी राहिले ग्युल्सेर,
बाहेर आले रोझा, हातात लिमलेटची गोळी.
कुणी दिली ते आठवत नाही.
चव आठवते, आणि ती आवडली होती,
हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.
तुमचे वडील असतील तर असतील.

पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. चुकले असेन.
यूमेर उठून गेला. इमाम म्हणाला, पाहुणा तो पाहुणा.
नेफिये सोललेले बटाटे पाण्यात सोडत राहिली.

तिचं बाळ त्याच आठवड्यात गेलं.
ती तापात पडलेली. नवऱ्याने रात्री दार लावून
बाळाच्या कानात नाव सांगितलं,
सकाळी त्याच नावासकट रांगेत गेला.
तिथून त्याला खाली नेलं. बर्फ वितळल्यावर परतला
तो बोलणं तिकडेच ठेवून.
मग तीस वर्षं त्याने लाकडं फोडली, चहा प्याला,
आणि मेला.
दगड अजून कोरा आहे.

रात्री भांडी घासताना ती एवढंच म्हणाली,
डावीकडे असेल.

तेव्हा या. वही आणा.
भाडं नको. जमलं तर दिव्याचे बल्ब आणा,
आणि रबरी बूट तुमच्याच मापाचे, इथे उसने मिळत नाहीत.
ते पान सापडलं की तिच्या कानाशी वाचा,
ती डाव्या कानाने ऐकते.
उजवीकडचं वाचू नका.
यूमेर बोलणार नाही कदाचित. जनरलही भुंकेल.
मंगळवारचीच घ्या.

— ग्युल्सेर