दोन इंच

चोरलच्या वाटेवर, तिसऱ्या उताराला
नदीत एक दगड आहे, बैलाच्या वशिंडाएवढा.
दर खेपेला तो आमच्या जीपच्या पोटाला लागतो.
आधी ठक्, मग लांबलचक खरवड,
आणि कुमुदताई डोळे मिटून म्हणते, "आला."
जणू ओळखीचा पाहुणा.

पाटबंधारे खात्याच्या लिलावातली जीप.
दारावरचे सरकारी आकडे अजून रंगाखालून डोकावतात.
निम्मे पैसे माझे, निम्मे ताईच्या शिकवण्यांचे,
म्हणून नेच्यांच्या मागे कुठवर जायचं
ते तीच ठरवते.

काचेच्या एका दुकानात विचारून पाहिलं:
उंची वाढवायचा संच, बेचाळीस हजार, फिटिंग वेगळं.
तिथल्या पोराने जीपकडे ज्या नजरेने पाहिलं
तिचे पैसे लावले नाहीत, एवढंच.

मग गेंदालाल.
ट्रान्सपोर्ट नगरच्या मागच्या बोळात
तो जीपखाली सरकला आणि तिथूनच बोलला,
"भिया, ऊँची करनी है कि सुंदर?"
उंच, मी म्हटलं.
"तो सस्ते में हो जाएगी."

भंगारातल्या मेटॅडोरचे पाटे, वजनावर, अठ्ठावन्न रुपये किलो.
गाडी मेली होती, कमान गेली नव्हती.
गेंदालाल एकेकाला हातोडीने टिचकी मारून ऐकायचा.
बद्द वाजला तो मागे फेकला.
घुमला त्याचे कान कापले
आणि आमच्या दमलेल्या पाट्यांच्या मधोमध सरकवला,
पेन्शनरांच्या बाकावर एखादा पोरगा बसावा तसा.
शॅकल जाड पट्टीचे, घरीच कापलेले. बुश लेथवर.
यू-बोल्ट मात्र नवे, लांब,
"इसमें कंजूसी मत करना."
ब्रेकचा पाइप ताणला जात होता, तोही बदलला.
मी वहीत मांडत गेलो:
चार हजार सहाशे दहा. चहा त्याच्याकडून.

संध्याकाळी रामबागेत घरासमोर उभी केली
तर वरच्या मजल्यावरून कर्णिक ओरडले,
"अहो, दिवे आमच्या मच्छरदाणीत येतायत!"
भिंतीवर खडूची रेघ मारून दिवे खाली घेतले.
मोजलं. डावीकडे दोन इंच, उजवीकडे पावणेदोन.
"बैठ जाएगी," गेंदालाल म्हणाला होता.
त्याच्या भाषेत याचा अर्थ, धीर धरा.

आणि ताई आली,
भिंग, पाण्याची बाटली, नेचे दाबायला जुनी वर्तमानपत्रं.
तिने पाय उचलला.
पुन्हा उचलला.
गुडघा दोन इंच आधीच थांबला.
म्हणाली, "छान झालीय. तू जाऊन ये."
निम्म्या जीपची मालकीण
फाटकाशी उभी, वर्तमानपत्रांसकट.

रात्री मी वही उघडली.
दगड मोजला होता, पाटे मोजले होते,
भिंतीवर उजेडसुद्धा मोजला होता.

सकाळी गेंदालालने कापलेले तुकडे शोधून काढले.
हे पोलाद वेल्डिंग धरत नाही,
म्हणून भट्टीत लाल करून भोकं पाडली,
दाराखाली बोल्टांनी एक पायरी टांगली.
"दीदी के लिए?" त्याने विचारलं,
आणि वर जुन्या टायरचा तुकडा ठोकला, घसरू नये म्हणून.
या कामाचा आकडा वहीत नाही. त्याने सांगितलाच नाही.

गुरुवारी तिसरा उतार.
ताई चढली होती ती एका दमात नाही,
पण चढली होती, आणि तिच्या वजनाने
डावीकडचा जादा पाव इंच मुकाट खाली बसला होता.
पाणी चाकांना लागलं. तिने डोळे मिटले.
दगड पोटाखालून निघून गेला, नुसतं पाणीच वाजलं.
मी श्वास सोडतोय तोच
डाव्या अंगाला, पायरीच्या कोपऱ्याशी,
बारीकसं
ठक्.

"आला," ताई म्हणाली,
आणि डोळे न उघडता हसली.