जड पाणी

रादोवाननं काल पुन्हा थेंब मोजले,
नळीत एकेक, ओठ हलवत.
एकविसाव्याला लाल पाणी हिरवं झालं.
"एकवीस," तो म्हणाला,
जणू माझाच ताप सांगत होता.

किटलीला विचारायचंस, मी म्हटलं.
प्शेरॉवच्या नळाचा चुना
मी दर शनिवारी व्हिनेगर ओतून खरवडते.

पण त्याला निऑनच हवे होते,
नखाएवढे, निळी रेघ ओढलेले,
ज्यांच्या पूर्वजांनी म्हणे
चहाच्या रंगाच्या नदीत जन्म काढला
आणि चुना कधी चाखलाच नाही.

मग पावसाचं पाणी.
मळ्यातल्या खोपटाची पन्हळ तांब्याची,
सासऱ्यांनी स्वतः ठोकलेली, घरादाराचा अभिमान.
सकाळी बारा कोळंब्या उताण्या.
कुठं पाणी मुरतंय ते कळायला आठवडा गेला.

मग व्लास्ताची विहीर.
गोड लागते, शपथ.
पण सभोवती बिटाची शेतं, शेतांत खत,
आणि कागदाची पट्टी बुडवताच लालभडक.
व्लास्ता तेव्हापासून आम्हाला पाण्यात पाहते.

मग रानातला झरा: दोन कॅन,
चाळीस मिनिटं बस, चार मजले जिना.
जानेवारीत झरा गोठला
तर न्हाणीच्या टबात बर्फ,
त्यात काजळी, एक चेस्टनटचं पान,
आणि मी आठवडाभर शेजारी आंघोळीला.

फेब्रुवारीत त्याची कंबर गेली.
तीन आठवडे इस्पितळ.
फोनवर रोज एकच: पाणी बदललंस?
मी बादली नळाखाली धरली,
रात्रभर उघडी ठेवली, क्लोरीन उडावं म्हणून,
सकाळी बोट बुडवून, हळूहळू ओतली.
झऱ्याला कोण जाणार होतं?

खालच्या माटोउशनं जॅमच्या बरणीतून
पाच गप्पी आणून सोडले,
खिडकीत जन्मलेले, नळावर वाढलेले.
त्यांना कुणी आकडा सांगितलाच नव्हता.

तो परतला, कोट न काढता टाकीसमोर बसला.
टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं, मोजता न येणारी.
"कुठलं पाणी?"
घरचं, मी म्हटलं.

निऑन दोन उरलेत. ते का उरले,
हे त्याच्या पुस्तकात कुठंच बसत नाही.

एका कॅनमध्ये मी कोबी आंबत घातलाय.
दुसरा दाराशी उभा आहे, धुतलेला, झाकण लावलेला.
त्याला हात लावू देत नाही तो.