भरतीच्या दोन तास आधी

एर्सिलिया आन्तिलेओ थर्मासचं झाकण फिरवते
आणि वाऱ्याला शिवी देते, रोजचीच, मायेची.
पातागोनियात वारा म्हणजे घरातला नातेवाईक,
सांगून जात नाही, गेला तर करमत नाही.

कड्याखाली गोट्यांचा किनारा.
समुद्रसिंहांच्या माद्या उन्हात पसरलेल्या,
आणि पिल्लं, काळी, ओली,
पाण्याच्या काठाशी धीट होत चाललेली.
मार्च संपत आला की त्यांना वाटू लागतं
आपल्याला पोहता येतं.

वही माझ्याकडे. मी या हंगामापुरती.
रकाने तिनेच आखलेत, फूटपट्टीशिवाय:
वेळ. पाणी. कोण आलं. किती नेलं.

समोर खडकांच्या रांगेत एक फट आहे,
ट्रक जाईल एवढी.
पाणी चढलं की तेवढ्याच वाटेने येतात ते.
"बोलू नकोस," ती म्हणते.
मी बोलतच नव्हते.

आधी काहीच नसतं.
मग पाण्याला एक घडी पडते,
कुणी आतून चादर ओढावी तशी.
तो उंच काळा पर कुठे दिसत नाही,
ती कुशीवर वळलीय, पर पाण्याखाली आडवा,
आणि ऐकतेय:
माद्यांची भांडणं, पिल्लांचं केकाटणं,
सगळं पाण्यातून तिच्या जबड्याच्या हाडात उतरत असणार.

लाट फुटते
आणि लाटेच्या आत लाट नसतेच,
काळंपांढरं अख्खं अंग गोट्यांवर येतं.
गोटे किंचाळतात.
एक पिल्लू होतं. तिथे फेस आहे.

ती जमिनीवर.
डोकं वर, शेपूट वर, धनुष्यासारखी,
स्वतःचंच वजन स्वतःच्या छातीवर घेऊन
पुढच्या लाटेची वाट बघते.
मी श्वास मोजते. माझा की तिचा, कळत नाही.
मग पाणी येतं आणि तिला उचलून नेतं.

फटीपाशी एक लहानगा थांबलेला.
तो निघतो, उशिरा निघतो, गोट्यांवर अडकतो.
ती परत फिरते, शेजारी अंग आपटत लाटा करते,
एक, दोन,
तिसऱ्या लाटेला तो सुटतो. तोंड रिकामं.

"एलिसेओ असाच," एर्सिलिया म्हणते. समुद्राकडेच बघत.
"चौदाचा होता. हातात सुरी दिली, कोकरू दिलं.
हात चाललाच नाही त्याचा. कोकरू कुंपणापार गेलं.
मग मी त्याला काय काय बोलले,
मेंढ्यांनीसुद्धा ऐकलं असेल."
तो आता ॲल्युमिनियमच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
रविवारी फोन करतो. वाऱ्याची चौकशी करतो.

चार वाजून चाळीस.
ती पुन्हा येते, सावकाश, शिकारीच्या वेगाने नाही.
दातांत ते मघाचं पिल्लू. हलतंय.
गोट्यांच्या कडेला ती तोंड उघडते,
त्याला खाली ठेवते, नाकाने एकदा ढकलते
आणि मागे सरकते.

पिल्लू उभं राहतं. पडतं. चढू लागतं.

मी वहीकडे बघते. याला रकाना नाही.
"एक नेलं, असं लिहिलंय. आता?"
एर्सिलिया मातेचा घोट ओढते, नळी खळखळते.
"परत आणलं असं लिहिलंस
तर ऑफिसवाले विचारतील, का?"
"का?"
"बघ, तूच विचारलंस."

पुढे ती काही बोलत नाही.
वारा पान उलटतो, मी ते परत उलटते.

खाली पिल्लू एकेका मादीपाशी जाऊन ओरडतंय.
पहिली वास घेते, तोंड फिरवते.
दुसरी चावायला धावते.
त्याच्या अंगाला कुणाचा वास येत असेल आता?

ओहोटी लागलीय. फट कोरडी पडेल इतक्यात.
आमचं काम संपलंय खरं तर.
एर्सिलिया दुर्बिणीची काच बाहीला पुसते,
पुन्हा डोळ्याला लावते.
"तिसरी," ती म्हणते. "नाही."
"चौथी."