जबाबदार व्यक्ती

अंबडला, रबरी सील बनवणाऱ्या कारखान्याच्या वर माझी खोली.
टेबल, प्रिंटर, आणि सहा देशांच्या एकाच बाजाराचे नियम
भोकं पाडून फाइलीत लावलेले.

मोइझभाई सुरमेवाले दूध बाजारातून रिक्षाने आले,
मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं, त्यात कापडात गुंडाळलेल्या नऊ बाटल्या,
लघवीचे नमुने घेऊन डॉक्टरकडे यावं तसे संकोचून.
“माल साधाच आहे, मॅडम.”
साध्या मालालाच जास्त कागद लागतात
हे मी पहिल्या दिवशी सांगितलं नाही.

आधी नावं.
गुलाबपाण्याला तिथे गुलाबपाणी म्हणत नाहीत,
रोझा डॅमासेना, पुढे फूल, पुढे पाणी.
तिळाचं तेल सेसॅमम इंडिकम.
आणि पाणी? नुसतं पाणी?
ॲक्वा, मी लिहिलं.
“गंगेचं आहे हो ते,” मोइझभाई हसले.
नाशकात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही,
पण त्या रकान्यात गंगाही मावत नव्हती.

मग दावे.
‘रंग उजळतो’ काढा, पुरावा नाही.
‘नजर सुधारते’ काढा,
ते औषध होतं, औषधाची खिडकी वेगळी.
‘वडिलोपार्जित’ हा शब्द कुठल्याच यादीत नव्हता,
ना बंदी, ना परवानगी.
तो मी तसाच ठेवला.

उघडल्यावर किती महिने?
“आमच्याकडे संपेपर्यंत.”
झाकण उघडलेल्या डबीचं एवढंसं चित्र असतं,
त्याच्या पोटात मी बारा लिहिलं.

प्रयोगशाळेचा अहवाल मंगळवारी आला.
आठ बाटल्या निर्दोष.
नऊ नंबर, काळा सुरमा, खास:
शिसं, समोर एक आकडा,
खाली मर्यादेचा आकडा,
दोघांत इतकं अंतर
की दशांश चिन्ह चुकलं असेल म्हणून मी पुण्याला फोन केला.
चुकलं नव्हतं.

मोइझभाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.
डोळ्यांच्या कडांना तेव्हाही बारीक काळी रेघ होती.
“अब्बाजी दगड आणायचे, महिना महिना खलायचे.
शाळेतून आलो की मीही खलायचो.
आमच्या तस्नीमला चाळिसाव्या दिवशी मीच घातला.
या बोटानं.”
आणि बोट टेबलावर ठेवलं, तेही तपासायला पाठवा म्हणून.
“इतकी वर्षं कुणी विचारलं नाही.”

नियम इथेही आहे, मी म्हणाले.
आहेच.
दूध बाजारात शिरताना गाडी लावायला जागा मिळाली नसेल त्याला.

यादीतला नऊ नंबर मी खोडला.
खोडायला एक रेघ पुरते,
सुरमा घालायला लागते तेवढीच.

शेवटचा रकाना: जबाबदार व्यक्ती.
त्या बाजारातच राहणारी, पक्का पत्ता असलेली,
कुणाचा डोळा चुरचुरला तर उत्तर देणारी.
“शारजात भाचा आहे, अलीअसगर,” म्हणाले, आणि गप्प.
अकरा वर्षं बोलणं नव्हतं. दुकानाच्या वाटणीवरून.
खाली सील कापायचं यंत्र धपधप चालू होतं.
“नुसतं नाव टाकलं तर?”
चालत नाही. सही लागते.
आणि फोन उचलावा लागतो.

माझ्याच फोनवरून लावला.
सहाव्या रिंगला पलीकडून ‘हॅलो’.
मोइझभाई उठून उभे राहिले, टोपी सारखी केली.
“मामा बोलतोय. एक फॉर्म आहे, बेटा...”

फॉर्मचं मात्र बराच वेळ काही निघालं नाही.
गुजरातीत बोलत होते, तरी मला कळत होतं:
आईनं तुला दिलेली डबी, ती पितळेची,
पोरीच्या डोळ्यात घालतोस का अजून?
नको घालूस. आजपासून नको.
फेकून दे.
नाही, थांब, फेकू नकोस.
झाकण लावून कुठेतरी वर ठेव,
तिचा हात पोचणार नाही अशी.