शेड कार्ड

हर्षालीचं परीक्षेचं पुस्तक
ओट्यावर उघडंच असतं.
ती झोपली की मी वाचतो.
रबाळ्याच्या रंगद्रव्यांच्या कारखान्यात
सव्वीस वर्षं शेड मॅचिंगला होतो;
रंगाचं मला कुणी काही शिकवू नये,
असं आपलं मला वाटायचं.

पुस्तकात आहे, पॅरिसच्या परीक्षकांनी
ढिगाने चित्रं नाकारली,
मग नाकारलेल्यांचंच प्रदर्शन भरलं
आणि लोक पैसे मोजून हसायला गेले.
रिजेक्शन मला माहीत आहे.
लाल चिठ्ठी, पिंपावर खडूची फुली.
लॉट चारशे बारा, भिवंडीच्या पार्टीकडून परत :
दुकानात पिवळा दिसतो, घरी नेला की हिरवट.

आमच्यात त्याला मेटामेरिझम म्हणतात.
एकच पट्टी लाइट बॉक्समध्ये धरायची,
आधी दिवसाचा उजेड, मग ट्यूब, मग बल्ब.
तिन्हीत ती तीच राहिली पाहिजे.
नाही राहिली तर चूक माझी.
आणि इथे एक माणूस
शेतातल्या गवताच्या गंजीसमोर बसला,
सकाळी, उन्हं कलताना, बर्फ पडल्यावर,
दर वेळी ती बदलली
आणि जगाने त्याला डोक्यावर घेतलं.
माझं आयुष्य गेलं गंजी एकसारखी ठेवण्यात.

सावल्या जांभळ्या काढल्या म्हणून
त्या लोकांना वेड्यात काढलं होतं.
जांभळं पाणी मी पाहिलंय, आमच्या मागच्या नाल्यात,
रात्रपाळी सुटताना.
गोठिवलीच्या म्हशी त्यात बसायच्या
आणि रंगून घरी जायच्या.
कुणी चित्र नाही काढलं.
एकदा पंचनामा झाला.

लंडनची काही तरुण मंडळी
ओल्या पांढऱ्यावर रंग लावायची,
पानामागून पान, शिरेमागून शीर.
त्यांच्यासाठी एक मुलगी टबात पडून राहिली,
खालचे दिवे विझले, पाणी गार झालं,
ती बोलली नाही. आजारी पडली.
समासात हर्षालीने पेन्सिलीने लिहिलंय :
हिला रोज किती मिळायचा?
माझी पोरगी.

कथलाची नळी निघाली, रंग त्यात भरून ठेवता येऊ लागला,
म्हणून चित्रकार नदीकाठी जाऊ शकले.
एवढी एकच ओळ.
नळी भरायला कोण होतं ते नाही.
हिरव्यात तेव्हा आर्सेनिक असायचं, पांढऱ्यात शिसं.
आमचा पद्माकर वैती
अकरा वर्षं क्रोम पिवळ्यावर.
नखं बघून पोरं त्याला चिडवायची,
हळद लागली का रे, नवरदेवा.
रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा त्याने घडी घालून
तो डब्यात ठेवला, भाकरीखाली.
जेवताना काढला नाही.

मग पान चौऱ्याण्णव.
दोघं जण खडी फोडतायत.
म्हातारा गुडघ्यावर, पोराची आपल्याकडे पाठ,
शर्ट फाटलेला. तोंड धड कुणाचंच दिसत नाही.
खाली बारीक अक्षरांत : मूळ चित्र युद्धात नष्ट.
म्हणजे चित्र जळलं तरी
त्या दोघांचा फोटो उरला.

पारसिकच्या डोंगरात आई हेच करायची,
वाशीकडचे रस्ते व्हायचे होते तेव्हा.
पापण्यांवर भुकटी,
डाव्या अंगठ्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
संध्याकाळी ती घरात शिरायची
ते आधी खोकल्यावरून कळायचं.
तिचा फोटो नाही. कुठेच नाही.

हर्षाली पाणी प्यायला उठली.
खांद्यावरून पुस्तकात बघत राहिली.
"आजीचा रंग कसा होता, बाबा?"

जिभेवर शेड नंबर आला होता,
खरंच आला होता.
"कुठल्या उजेडात?" मी विचारलं.

तिने ट्यूब बंद केली.
खिडकीतून एमआयडीसीचा सोडियमचा दिवा आत आला,
पानावर, ओट्यावर, आमच्या हातांवर;
त्या उजेडात कुठलीच शेड पास करता येत नाही,
आम्हाला तशी सक्त मनाई होती.

"ह्यात," ती म्हणाली.