अनुभवाचा रकाना

मंगळवारी संध्याकाळी साडेसहा.
स्टेडियमच्या पोटातल्या या खोलीत
पूर्वी मुलांच्या घोट्यांना पट्ट्या बांधायचे.
गालिचा बदलला, टेबलं आली, दारावर पाटी लागली,
बामाचा वास मात्र हटलेला नाही.

आज आठ जण. त्यातले दोघे बसल्या बसल्या झोपलेत,
पहाटे पाचचा सराव आणि दुपारचं अकाउंटिंग
एकाच अंगावर काढून.
मी उठवत नाही.
बाहेर ओहायोतला मार्च, पार्किंगच्या कडेला
काळवंडलेल्या बर्फाचे बेवारस ढीग.

तवीता लेआउपेपे फॉर्मकडे बघत बसलाय.
अनुभव, असं छापलंय, आणि पुढे पाच रेघा.
एकशे बेचाळीस किलोचा मुलगा,
हातातलं पेन काडेपेटीतल्या काडीएवढं.
'मी लोकांना अडवलं,' तो म्हणतो, 'बस्स.
चार वर्षांत चेंडूला हात लावला नाही.'
कुणीतरी हसतं. तोही हसतो, जरा उशिराने.

तू चुकलास की काय व्हायचं?
'मागचा पोरगा आडवा व्हायचा.'
आणि नाही चुकलास की?
तो बराच वेळ अंगठ्याचं नख कुरतडतो.
'मग काहीच व्हायचं नाही. कुणाला दिसायचंही नाही.'
हेच लिही, मी म्हणते.
'कसं लिहायचं?'
खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नाही.
जे घडलं नाही त्याचा दाखला कोण देतो?
निदान विमा कंपनीला तरी कळायला हवं.

ब्रोन्विन पोहते. पोहायची.
क्रियापदाचा काळ तिनेच सुधारला.
शेवटची शर्यत गेल्या शनिवारी, सहावी आली.
दोनशे यार्ड बटरफ्लाय,
चार वर्षांत वेळ उतरली चार दशांश सेकंदांनी.
'वर्षाला एक दशांश,' ती म्हणते,
'या दराने मला कोण ठेवून घेणार?'
अजून सव्वाचारला जाग येते तिला.
गाडी काढते, तलावाच्या इमारतीबाहेर लावते.
वाफ धरलेल्या काचांमागे हिरवट दिवे,
शिट्टी वाजते, खांदे आपोआप आवळले जातात.
ती इंजिन बंद करत नाही.
शिट्टी दुसऱ्यांदा वाजली की परत.

टाय बांधणं आजच्याच धड्यात होतं.
तवीताच्या मानेला पुरेल असा शर्ट
देणगीच्या कपाटात नाही, म्हणून टाय टी-शर्टवरच.
तीनदा गाठ चुकली.
मग ब्रोन्विन खुर्चीवर चढली.
'भावाला बांधायचे, चर्चला जाताना. मान वर कर.'
त्याने मान वर केली,
ज्याला तीन राज्यांतले धटिंगण हलवू शकले नव्हते
तो डोळे मिटून उभा राहिला
लहान मुलाला केस विंचरून घ्यायचे असावेत तसा.

मी अडथळ्यांची शर्यत धावायचे.
या पोरांना कधी सांगितलेलं नाही.
शहाण्णव सालच्या जूनमध्ये सातव्या अडथळ्यात टाच अडकली,
आणि पुढची तीन वर्षं बुटांच्या दुकानात गुडघे टेकून
मी परक्या पावलांची मापं घेतली.
तेव्हा मंगळवार नव्हते.
आजही फुटपाथची कडा जवळ आली
की डावा पाय स्वतःशीच काहीतरी मोजतो.

'किती दिवस लागतात?' ब्रोन्विनने जाता जाता विचारलं.
कशाला?
'सव्वाचारला जाग न यायला.'
माहितीपुस्तकात याचं उत्तर आहे, पान अकरा.
मी ते उघडलं नाही.
कोट घाल, म्हटलं, वारा सुटलाय.

सगळे गेल्यावर फॉर्म गोळा केले.
झोपलेल्यांचे कोरे, एकावर लाळेचा डाग.
तवीताच्या पाच रेघांतली एकच भरलेली:
माझ्या मागे उभं असलेलं कुणी पडलं नाही.
त्याखाली, बारीक अक्षरात,
दोनदा पडलं.
आणि दोघांची नावं.